पहिला कामगार ठेवताय? मग पहिला पगार 'मागे ठेवायचा' विचार आधी सोडा



दुकानात पहिला माणूस कसा निवडायचा, हा व्हिडिओ टाकला आणि वाटलं होतं की लोक मुलाखतीबद्दल विचारतील. तसं झालं नाही. प्रश्न आले ते असे: "मॅडम, पोरगं दोन महिन्यांत सोडून गेलं तर?" "पहिल्या महिन्याचा पगार मागे ठेवला तर चालतं ना?" "ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेऊ का?" "माल फुटला तर पगारातून कापायचा ना?" बारा मिनिटांच्या व्हिडिओत या सगळ्याची उत्तरं बसत नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

या प्रश्नांमागची भीती मला नीट कळते. माझंही कपड्यांचं दुकान आहे. अनोळखी माणसाच्या हातात गल्ला, माल आणि गिऱ्हाईक द्यायचं म्हणजे पोटात गोळा येतोच. मग आपण बाजारात बघतो की शेजारचे काका तीस वर्षं असंच करतायत, पहिला पगार दाबून ठेवतात आणि माणूस टिकतो. आपणही तेच करतो.

पण शेजारच्या काकांवर अजून कोणी दावा केलेला नाही, याचा अर्थ ते कायदेशीर आहे असा होत नाही. आणि दावा झाला तर कोर्टकचेरीचं गणित पहिल्या दिवसापासून मालकाच्या विरुद्ध उभं असतं. का, ते पुढे येईल.

"माझ्याकडे तर दोनच माणसं आहेत"

हे वाक्य मी प्रत्येक बॅचमध्ये ऐकते. याचं मूळ आपल्या दुकाने व आस्थापना कायद्यात आहे. १९४८ चा जुना कायदा गेला आणि त्याच्या जागी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आला. त्यात ठरलं की १० पेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी नको, धंदा सुरू केल्यावर ६० दिवसांत फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. २०२५ च्या दुरुस्तीत ही १० ची रेषा २० वर नेली. लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरला, '२० पेक्षा कमी माणसं असतील तर कामगार कायदा लागू नाही.'

मेसेज अर्धवट आहे. दुकाने कायद्यातल्या बऱ्याच तरतुदी छोट्या दुकानाला लागू नाहीत, एवढंच खरं. (मराठी पाटी मात्र तुम्हालाही लागू आहे. २०२२ पासून छोट्या दुकानांची ती सूटही गेली.) पगाराचा कायदा वेगळा आहे. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झाली आणि किमान वेतन, वेतन प्रदान, बोनस, समान वेतन हे चारही जुने कायदे त्यात विलीन झाले. यातल्या किमान वेतनाच्या, पगार वेळेवर देण्याच्या आणि पगारातून काय कापता येतं याच्या तरतुदींना माणसांच्या आकड्याची अट नाही. एक माणूस ठेवलात तरी तुम्ही या कायद्याच्या भाषेत 'मालक' झालात.

म्हणजे पहिल्या माणसापासून लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा. सरकारने ठरवलेल्या किमान दरापेक्षा कमी पगार नाही, तो माणूस लेखी 'चालेल' म्हणाला तरी नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. पगाराची पावती द्यायची. ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त काम करून घेतलं तर त्या तासांचा दुप्पट दराने पैसा. दिवाळीच्या सीझनला रात्री अकरापर्यंत थांबवून घेतो आणि शेवटी मिठाईचा बॉक्स देतो, तो बॉक्स ओव्हरटाइम धरला जात नाही. आणि एकाच कामाला पुरुष आणि बाईला वेगवेगळा पगार नाही. "काउंटरला मुलगी ठेव, दोन हजार कमीत येते" हा सल्ला मला दुकान सुरू करताना किमान चार जणांनी दिला होता. बाई असून मला दिला होता, बरं का.

पगार मागे ठेवणे म्हणजे नक्की काय

आता मूळ मुद्दा. पहिला पगार 'डिपॉझिट' म्हणून ठेवायचा, माणूस सोडून गेला की जप्त. कायद्यात याला जागा नाही. ७ तारखेला तो पगार देणं बाकी झालं आणि तुम्ही दिला नाही, एवढंच त्याचं कायदेशीर वर्णन.

सोडून जाताना तर मुदत आणखी कडक आहे. वेतन संहितेच्या कलम १७ प्रमाणे माणसाने राजीनामा दिला, तुम्ही त्याला काढलं किंवा दुकानच बंद झालं, तरी त्याचा उरलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. 'पुढच्या महिन्याच्या १० तारखेला ये, हिशोब करू' हे आता चालत नाही. मोठमोठ्या कंपन्यांत 'फुल अँड फायनल'ला दीड-दोन महिने लागायची सवय होती, त्यांचीही पंचाईत झाली आहे. आपलं दुकान छोटं, हिशोब एका पानाचा. आपल्याला हे खरं म्हणजे सोपं आहे.

आणि आता ते विरुद्ध उभं असलेलं गणित. कामगाराने पगार मिळाला नाही किंवा कमी मिळाला अशी तक्रार केली, तर पगार दिला होता हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. कलम ५९. त्याने 'मिळाला नाही' एवढं म्हणायचं, 'दिला' याचा पुरावा तुम्ही आणायचा. तक्रार करायला त्याच्याकडे तीन वर्षं आहेत. आणि निकाल विरुद्ध गेला तर बाकी रक्कम तर द्यावी लागतेच, वर त्या रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई लावण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला आहे. सात-आठ हजारांसाठी कोणी एवढं करेल का, असं तुम्ही म्हणाल. माझ्या बॅचमधल्या एका ताईंचं केकचं दुकान आहे. त्यांनी डिलिव्हरीच्या मुलाला चार महिने रोख पगार दिला, प्रामाणिकपणे, दर महिन्याला. वहीत सही एकदाही घेतली नाही. भांडण झालं आणि तो चारही महिन्यांचा पगार मागायला लागला. शेवटी मध्यस्थी होऊन मिटलं. पण ताई त्या दोन महिन्यांत धंद्यापेक्षा जास्त वेळ जुने मेसेज शोधत होत्या.

रोख पगार देणं गुन्हा नाही. पण बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि पाठवताना 'डिसेंबर पगार' असं लिहा. रोखच द्यायचा असेल तर व्हाउचर, तारीख, रक्कम आणि सही. सही येत नसेल तर अंगठा.

कापाकापीचा हिशोब

इथे थोडं थांबून आकडे बघू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. समजा पगार महिना १५,६०० रुपये. २६ दिवसांनी भागलं की दिवसाचे ६००. आठ तासांची ड्युटी धरली तर तासाचे ७५.

पहिला प्रकार लेट मार्क. 'तीन लेट म्हणजे अर्धा दिवस कट' ही पाटी अनेक दुकानांत दिसते. गैरहजेरीची कपात जेवढा वेळ माणूस गैरहजर होता त्याच प्रमाणात करता येते, असं कायदा सांगतो. तीनदा दहा-दहा मिनिटं उशीर झाला म्हणजे अर्धा तास, म्हणजे ३७ रुपये ५० पैसे. तुम्ही कापता ३००. वरचे २६२ रुपये ५० पैसे 'गैरहजेरी' या नावाखाली बसत नाहीत.

मग ते 'दंड' म्हणून बसवू? दंडाची वाट आहे, पण अरुंद आहे. कोणत्या चुकांना दंड, याची यादी सरकारी मान्यतेची लागते, ती दुकानात लावावी लागते, माणसाला बाजू मांडायची संधी द्यावी लागते, आणि एका पगाराच्या काळात दंड त्या पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. १५,६०० चे ३ टक्के म्हणजे ४६८ रुपये. तो हप्त्यांत वसूल करता येत नाही, ९० दिवस उलटून गेल्यावर घेता येत नाही, आणि जमा झालेली रक्कम कामगारांच्याच भल्यासाठी वापरायची, गल्ल्यात टाकायची नाही. माझं स्पष्ट मत आहे की छोट्या दुकानदाराने दंडाच्या भानगडीत पडू नये. ४६८ रुपयांसाठी एवढा कागदी घोळ परवडत नाही. त्यापेक्षा उशिराचा तेवढाच पगार कापा आणि लेखी समज द्या.

दुसरा प्रकार नुकसान. काचेचा शोपीस फुटला, गल्ल्यात ८०० कमी आले. कापता येतं, पण कधी? तो माल त्या माणसाच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेला असेल, किंवा त्या पैशाचा हिशोब देणं हे त्याचं काम असेल, आणि नुकसान थेट त्याच्या हलगर्जीमुळे झालं असेल. तेही त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यावर. प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त नाही. गिऱ्हाइकाच्या पोराने शोपीस पाडला आणि कापलं काउंटरवरच्या मुलीच्या पगारातून, तर ते बेकायदेशीर. गल्ल्यावर दिवसभर तीन जण हात घालतात आणि संध्याकाळी कमी आलेले पैसे तिघांत वाटून कापले, तेही टिकणार नाही. कारण 'कोणाच्या ताब्यात' याचं उत्तर तुमच्याकडे नाही.

तिसरा प्रकार उचल. आपल्याकडे उचल दिल्याशिवाय दुकान चालत नाही, ही वस्तुस्थिती आहे. घरी लग्न, आजारपण, पोराची फी, माणूस मालकाकडेच येणार. दिलेली उचल पगारातून वळती करायला कायद्याची हरकत नाही. फक्त सगळ्या कपाती मिळून त्या काळातल्या पगाराच्या ५० टक्क्यांच्या वर जाऊ नयेत. उदाहरण घ्या. माणसाने ५,००० उचल घेतली आणि महिन्याचे १२ दिवस भरून काम सोडलं. त्याचे झाले ७,२००. तुम्ही ५,००० कापून हातावर २,२०० ठेवायला बघता. कापता येतात ३,६०० आणि द्यावे लागतात ३,६००. उरलेले १,४०० तुमचं येणं आहेच, बुडालं नाही, पण ते याच पगारातून ओरबाडता येत नाही. म्हणून उचल देताना अर्ध्या पगाराच्या आत द्या आणि जास्त असेल तर हप्ते लिहून घ्या.

आणि एक वाक्य तोंडातून कधी काढू नका: 'उचल फिटल्याशिवाय काम सोडता येणार नाही.' कर्जाच्या बदल्यात माणसाला कामाला बांधून ठेवणं ही वेठबिगारी आहे आणि १९७६ पासून तिच्यावर कायद्याने बंदी आहे. आपल्याला वेठबिगार म्हटलं की वीटभट्टी आणि ऊसतोड आठवते. कायद्यात 'किराणा दुकान वगळून' असं लिहिलेलं नाही.

मग मालकाने करायचं काय?

इथपर्यंत वाचून वाटेल की सगळं कामगाराच्या बाजूने आहे. तसं नाही. मालकाला अधिकार भरपूर आहेत, पण ते पगारातून वापरायचे नाहीत, कागदातून वापरायचे. आणि हा कागद बनवायला वकील लागत नाही, एक संध्याकाळ लागते.

सुरुवात नेमणूक पत्रापासून. १० किंवा जास्त माणसं असतील तर नव्या संहितेप्रमाणे ते द्यावंच लागतं. तुमच्याकडे एक असला तरी द्या, कारण ते तुमच्या फायद्याचं आहे. एका पानावर मराठीत लिहा: काम काय, वेळ काय, सुट्टी कोणत्या वारी, पगार किती, कामावर पारखण्याचा काळ किती महिने, आणि सोडताना दोघांनीही किती दिवस आधी सांगायचं. 'दोघांनीही' हा शब्द महत्त्वाचा. त्याच्याकडून महिन्याची नोटीस मागायची आणि स्वतः 'उद्यापासून येऊ नको' म्हणायचं, असा एकतर्फी कागद अधिकाऱ्यासमोर फार केविलवाणा दिसतो. दोन प्रती, दोघांच्या सह्या, एक त्याला.

नंतर ताबा वही. ही मला सगळ्यात उपयोगी वाटते. कोणत्या काउंटरचा माल कोणाच्या ताब्यात, मोजून, सहीनिशी. गल्ला सकाळी किती रकमेने उघडला, संध्याकाळी किती निघाला, कोण बसलं होतं. नुकसानीची जी अट आपण वर पाहिली, 'स्पष्टपणे सोपवलेला माल', ती पूर्ण करणारी हीच वही. शिवाय ताब्याची सही असली की माणूस आपोआप जपून वागतो, हा माझा दुकानातला अनुभव. मोबाइल अ‍ॅक्सेसरीज, इमिटेशन ज्वेलरी असा बारीक आणि महाग माल असणाऱ्यांनी तर ही वही पहिल्या दिवशी सुरू करावी.

काम नीट करत नसेल तर तोंडी ओरडण्यापेक्षा लेखी समज. तारीख, काय घडलं, काय अपेक्षा आहे, पोच सही. सही करायला नकार दिला तर त्याच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवा. चोरीचा संशय असेल तर आधी त्याला लेखी विचारा, उत्तर घ्या, पुरावा असेल तर पोलिसांत जा. भर बाजारात 'चोर' म्हणून हाकलायचं नाही आणि मारहाण तर अजिबात नाही. तुम्ही फिर्यादी असता ते आरोपी होता.

ओरिजिनल कागदपत्रांचं उत्तर एका ओळीत आहे: बघा, झेरॉक्स घ्या, परत द्या. मार्कशीट अडकवून माणूस अडकत नाही, तक्रार मात्र अडकते. झेरॉक्स मात्र नक्की घ्या, कारण वय तपासायचं आहे. १४ वर्षांखालच्या मुलाला दुकानात कामाला ठेवणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड किंवा दोन्ही. 'उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो, घरच्यांनीच पाठवलंय' हे उत्तर चालत नाही. तुमचं स्वतःचं मूल शाळा सुटल्यावर गल्ल्यावर तुम्हाला मदत करत असेल, तर ती गोष्ट वेगळी.

'आमच्याकडून सोडल्यावर वर्षभर समोरच्या दुकानात जायचं नाही' अशी अटही पुष्कळ जण लिहून घेतात. नोकरीत असताना दुसरीकडे काम करायचं नाही, हे टिकतं. नोकरी सुटल्यानंतर कुठे काम करायचं नाही, हे भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ प्रमाणे रद्दबातल. तुमची गिऱ्हाइकांची यादी, खरेदीचे भाव त्याने बाहेर देऊ नयेत, ही अट मात्र घालता येते आणि घालावी.

माणूस कमी करायची वेळ आली तर

धंदा मंदावला आणि दोन माणसांचा पगार झेपत नाही, ही वेळ कोणावरही येऊ शकते. त्या माणसाने तुमच्याकडे सलग वर्ष पूर्ण केलं असेल, म्हणजे बारा महिन्यांत किमान २४० दिवस काम, तर औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई द्यावी लागते. एकाच कामाला दोघं असतील तर सर्वसाधारणपणे शेवटी आलेला आधी कमी होतो. जुना माणूस महाग पडतो म्हणून त्यालाच काढायचं असेल, तर कारण लेखी असलं पाहिजे. म्हणून मी बॅचमध्ये सांगते की माणूस ठेवायच्या आधीच 'काढायला किती लागतील' हा आकडा व्यवसायाच्या बजेटमध्ये लिहा. भाडं लिहितो, डिपॉझिट लिहितो, मग हे का नाही?

दुकान वाढलं की पुढच्या पायऱ्या येतात, त्या आत्ता फक्त ऐकून ठेवा. १० माणसं झाली की २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांसाठी ईएसआयसी, महिलांसाठी २६ आठवड्यांची प्रसूती रजा, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती (१० पेक्षा कमी असाल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, म्हणजे छोट्या दुकानातली मुलगीही वाऱ्यावर नाही) आणि ग्रॅच्युइटी. वरच्या १५,६०० च्या हिशोबात ग्रॅच्युइटी वर्षाला ९,००० होते, पाच वर्षांचे ४५,०००. ते एकदम द्यायला जड जातं, दर महिन्याला ७५० बाजूला टाकलं तर जात नाही. २० माणसं झाली की पीएफ आणि किमान ८.३३ टक्के बोनस. यावर वेगळा व्हिडिओ करणार आहे.

शेवटी सगळ्यांचा हमखास प्रश्न: "मॅडम, आमच्या गावाला किमान वेतन किती?" मी मुद्दाम आकडा देत नाही, कारण तो टिकत नाही. दुकाने आणि व्यापारी आस्थापनांसाठी राज्याने तीन परिमंडळं केली आहेत, मोठ्या शहराचा दर वेगळा, तालुक्याचा वेगळा. त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे भाग. मूळ दरावर विशेष भत्ता मिळवायचा असतो आणि तो वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो. कामगार आयुक्तांच्या महाकामगार संकेतस्थळावर पत्रक मिळतं, नाहीतर जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन विचारा. विचारायला गेलात म्हणून कोणी धाड टाकत नाही. मोबाइलमध्ये या दोन तारखांचा रिमाइंडर लावा, आणि त्या महिन्याचा पगार काढायच्या आधी नवं पत्रक बघून घ्या.